‘त्सुबुसे’ : एका आज्ञार्थाचा अर्थविचार

१. विषयप्रवेश

आज्ञार्थी क्रियापदाचा अर्थ नेमका कोठे राहतो? बोलणाऱ्याच्या हेतूत, ऐकणाऱ्याच्या आकलनात, की ज्या समूहात ते उच्चारले जाते त्या समूहाच्या व्यवहारात? भाषाशास्त्रात हा प्रश्न बहुधा कल्पित वाक्यांवरून मांडला जातो. ‘दार लाव’, ‘पाणी दे’ ही वाक्ये विवेचनाच्या सोयीची असतात; परंतु त्यांच्या अर्थनिर्णयावर कोणाचे काही अवलंबून नसते. प्रत्यक्ष जीवनात मात्र क्वचित असा प्रसंग उद्भवतो, की एका आज्ञार्थाच्या अर्थावर एका खेळाडूचे भवितव्य, दोन प्रशिक्षकांची उपजीविका आणि एका नामवंत संघाचा संपूर्ण हंगाम अवलंबून राहतो, आणि त्या अर्थाचा निर्णय करण्यासाठी क्रीडासंघटना, चौकशी समिती, पोलीस व सरकारी वकील यांना एकामागून एक बसावे लागते. जपानमधील निहोन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा २०१८ चा हंगाम हा तसा प्रसंग होय.

त्या प्रकरणाची वृत्तपत्रीय बाजू त्या काळी बरीच गाजली. त्यातील भाषिक प्रश्न मात्र क्रीडानीतीच्या चर्चेत काहीसा मागे पडला. वस्तुतः वादाचे मूळ एका क्रियापदात होते. ते क्रियापद ‘त्सुबुसु’ आणि त्याचे आज्ञार्थी रूप ‘त्सुबुसे’. या एका रूपाच्या आधारे आज्ञार्थाच्या अर्थाचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. खेळ आणि त्याची परिभाषा

अमेरिकन फुटबॉल जपानात आला तो विद्यापीठांच्या द्वारेच. १९३४ मध्ये रिक्क्यो विद्यापीठातील अमेरिकन अध्यापक पॉल रश यांच्या पुढाकाराने रिक्क्यो, मेइजी आणि वासेदा या तोक्योतील तीन विद्यापीठांची संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी विद्यार्थ्यांच्या निवडक संघाने योकोहामातील परदेशी रहिवाशांच्या क्लबाविरुद्ध पहिला मोठा सामना खेळून तो २६–० असा जिंकला.

या खेळाच्या नावांचा इतिहास जपानी शब्दसंग्रहाच्या तीन थरांचे उत्तम उदाहरण ठरावा. जपानीत मूळ देशी शब्द, चिनी भाषेतून आलेले शब्द आणि अलीकडच्या काळात पाश्चात्त्य भाषांतून आलेले शब्द असे तीन स्तर मानले जातात. मराठीतील देशी व तद्भव, तत्सम आणि परकी शब्दांशी त्यांची ढोबळ तुलना करता येईल. प्रारंभी या खेळास ‘बेइशिकी शूक्यू’, म्हणजे अमेरिकी पद्धतीचा पदकंदुक, असे चिनी घटकांनी बनलेले भारदस्त नाव होते. युद्धकाळात शत्रूच्या भाषेतील शब्दांवर रोष वाढला, तेव्हा अमेरिकेचा निर्देशही नको म्हणून ‘गाइक्यू’, म्हणजे चिलखती कंदुक, असे नाव योजले गेले. युद्धानंतर इंग्रजी नाव परत आले आणि जपानीच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे त्याची काटछाट होऊन ‘अमेफुतो’ असा चार मात्रांचा आटोपशीर शब्द रूढ झाला.

खेळातील पारिभाषिक शब्दही याच रीतीने आले. ताक्कुरु (टॅकल), पासु (पास), कुओताबाक्कु (क्वार्टरबॅक), साक्कु (सॅक) हे सर्व इंग्रजीतून घेतलेले शब्द आहेत. अशा शब्दांची विशेषता ही, की ते नियमपुस्तकाचे बोट धरून भाषेत प्रवेश करतात. टॅकल म्हणजे काय, तो केव्हा वैध आणि केव्हा अवैध, हे नियमांनी ठरविलेले असते. त्यांच्या अर्थाला कुंपण असते.

येथे खेळाच्या रचनेसंबंधी थोडे सांगणे अवश्य आहे. प्रत्येक बाजूस ११ खेळाडू असतात. चेंडू ज्या पक्षाच्या ताब्यात असेल त्याने चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकावयाचे असते. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र असतो व दोन प्रयत्नांच्या मध्ये खेळ थांबतो. त्या विरामात खेळाडू घोळका करून पुढील चाल ऐकतात आणि मग क्वार्टरबॅकच्या ठरलेल्या पुकाऱ्यावर चाल सुरू होते. थोडक्यात, या खेळात प्रत्येक कृतीच्या आधी एक उक्ती असते. क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा व चाल चालविणारा मध्यवर्ती खेळाडू. त्याने चेंडू फेकण्यापूर्वी त्याला खाली पाडणे वैध आहे, इतकेच नव्हे तर ते बचावपक्षाचे मोठे यश मानले जाते. चेंडू फेकून झाल्यावर मात्र तो बेसावध असतो व नियम त्याला संरक्षण देतात. वैध व अवैध यांमधील अंतर येथे एखाद्या सेकंदाचे असते.

परिभाषा परकी असली तरी खेळाडूंना चेतविण्याची, दटावण्याची, आज्ञा देण्याची भाषा परकी असून चालत नाही. ती देशी क्रियापदांतूनच येते. ‘त्सुबुसु’ हे असे देशी क्रियापद आहे. नियमपुस्तकात त्याची व्याख्या नाही, आणि म्हणून त्याला कुंपणही नाही. पुढील सर्व अनर्थाचे बीज या ठिकाणी आढळते.

३. क्रियापदाचा अर्थविस्तार

‘त्सुबुसु’ हे सकर्मक क्रियापद असून ‘त्सुबुरेरु’ हे त्याचे अकर्मक रूप होय. मराठीतील ‘फोडणे–फुटणे’, ‘मोडणे–मोडणे’ या जोड्यांशी त्याचे साम्य आहे. उकडलेला बटाटा कुस्करणे, किडा चिरडणे, कोंबडी खाण्यासाठी कापणे, कंपनी बुडविणे, एखाद्याला चारचौघांत तोंडघशी पाडणे, रिकामा वेळ कसाबसा घालविणे, या सर्व अर्थी जपानीत हेच क्रियापद वापरतात. या प्रयोगांत समान घटक कोणता? कर्माचा आकार वा घडण मोडते आणि त्यामुळे ते आपल्या कार्यास निरुपयोगी होते, हा तो घटक. ते कोणत्या साधनाने व्हावयाचे, हे क्रियापद सांगत नाही. ते कर्मावरून ठरते. बटाटा हाताने कुस्करला जातो, कंपनी कर्जाने बुडते, अब्रू शब्दाने जाते.

आता कर्मस्थानी ‘क्वार्टरबॅक’ हा शब्द ठेवला असता काय होते? क्वार्टरबॅक हे एका कार्याचे, भूमिकेचे नाव आहे. त्याचबरोबर ती भूमिका पार पाडणाऱ्या हाडामांसाच्या तरुणाचेही ते नाव आहे. पहिला अर्थ घेतला तर ‘क्वार्टरबॅकला त्सुबुसु’ म्हणजे त्याची चाल निष्फळ करणे, त्याला फेकू न देणे. दुसरा अर्थ घेतला तर त्या देहालाच निकामी करणे. म्हणजे संदिग्धता क्रियापदात दिसत असली तरी तिचे खरे स्थान कर्मपदात आहे. भूमिका मोडावयाची की मनुष्य, हा प्रश्न व्याकरण सोडवू शकत नाही.

अशी संदिग्धता जगातील बहुतेक खेळांत असते आणि ती सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. हुतूतूत गडी ‘मरतो’ आणि पुन्हा ‘जिवंत’ होतो. ‘त्याला मार’ या आज्ञेचा शब्दशः अर्थ कोणी घेत नाही. गोलंदाजाला ‘धुतले’, ‘चोपले’ असे क्रिकेटच्या वर्णनात नित्य म्हटले जाते. या प्रयोगांत वाच्यार्थाला बाध येतो आणि लक्षणेने खेळातील अर्थ घेतला जातो. तो सुखरूप घेतला जातो याचे कारण, बोलणारा व ऐकणारा दोघेही खेळाच्या मर्यादेत उभे असल्याची खात्री दोघांनाही असते. ती खात्री ढळली की लक्षणा संपते आणि वाच्यार्थ डोके वर काढतो.

४. ६ मे २०१८

निहोन विद्यापीठाचा ‘फीनिक्स’ संघ आणि निशिनोमिया येथील क्वान्सेई गाकुइन विद्यापीठाचा ‘फायटर्स’ संघ हे अनुक्रमे पूर्व व पश्चिम जपानमधील मातब्बर संघ आणि जुने प्रतिस्पर्धी होते. विद्यापीठांचा खरा हंगाम शरद ऋतूत असतो. प्रादेशिक साखळीतील विजेते त्या काळी डिसेंबरच्या मध्यास ‘कोशिएन बोल’ या सामन्यात राष्ट्रीय विजेतेपदासाठी भेटत असत. १९४७ मध्ये सुरू झालेला हा सामना निशिनोमियातील प्रसिद्ध बेसबॉल मैदानावर होतो. डिसेंबर २०१७ मध्ये फीनिक्सने फायटर्सचा २३–१७ असा पराभव करून २७ वर्षांनी हे विजेतेपद परत मिळविले होते. म्हणजे २०१८ च्या वसंतात तो राष्ट्रविजेता संघ होता.

६ मे २०१८ रोजी या दोन संघांत तोक्योजवळ चोफू येथे नित्याचा मैत्रीपूर्ण सामना झाला. त्याच्या निकालाचा साखळीशी काही संबंध नव्हता. सामन्याच्या आरंभीच्याच एका चालीत फायटर्सच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकला आणि तो सैल उभा राहिला. सुमारे दोन सेकंदांनंतर फीनिक्सच्या एका बचावपटूने पाठीमागून धावत येऊन त्याला जोराने पाडले. क्वार्टरबॅक जखमी झाला. त्या बचावपटूच्या हातून त्यानंतर आणखी अपराध घडले व त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. या घटनेची चित्रफीत थोड्याच दिवसांत देशभर पाहिली गेली.

सामन्यानंतर फीनिक्सच्या मुख्य प्रशिक्षकाने पत्रकारांशी बोलताना, हे करविणारे आपणच असून जबाबदारी आपली आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यात ‘यारासेरु’ हे प्रयोजक रूप होते. जपानी प्रयोजकाचे वैशिष्ट्य असे, की ‘करावयास लावणे’ आणि ‘करू देणे’ हे दोन्ही अर्थ त्याच एका रूपाने व्यक्त होतात. मराठीत या दोहोंसाठी वेगळी रचना आहे. जपानीत तो भेद संदर्भावर सोडलेला असतो. फायटर्सच्या बाजूने १० मे रोजी लेखी निषेध गेला. त्याच्या उत्तरात ते उद्गार मागे घेण्यात आले आणि संघाचे धोरण नियमांच्या चौकटीतील कठोरपणाचे आहे, प्रशिक्षकांची शिकवण व खेळाडूचे आकलन यांत ‘काइरी’, म्हणजे दुरावा, निर्माण झाला हेच समस्येचे मूळ होय, अशी भूमिका मांडण्यात आली. विद्यापीठाने स्वतःहूनच प्रश्न अर्थविचाराच्या कक्षेत आणून ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९ मे रोजी मुख्य प्रशिक्षकाने पद सोडल्याचे जाहीर करून क्षमा मागितली. तेव्हा त्याने प्रतिपक्षाच्या विद्यापीठाचे नाव वारंवार ‘कान्साई गाकुइन’ असे उच्चारले. ज्या चिन्हांचा सामान्य व्यवहारात ‘कान्साई’ असा उच्चार होतो, त्यांचाच या विद्यापीठाच्या नावात ‘कान्सेई’ असा उच्चार आहे. ‘पश्चिम’ या अर्थाच्या चिन्हाचे ‘साई’ व ‘सेई’ हे दोन उच्चार चिनी भाषेतून वेगवेगळ्या काळी आलेल्या दोन परंपरांचे आहेत. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने आपल्या रोमन लेखनात तर ‘क्वा’ हा प्रमाण जपानीतून लुप्त झालेला जुना ध्वनीही जपला आहे. ज्याची क्षमा मागावयाची त्याचे नाव चुकणे हे अनेक श्रोत्यांना केवळ उच्चारदोष वाटले नाही. क्षमायाचना ही उक्तिरूप कृती आहे, आणि तिच्या सिद्धीस नावाचा शुद्ध उच्चार हाही एक घटक असतो, हे त्या प्रसंगाने दाखविले.

२२ मे रोजी त्या बचावपटूने तोक्योतील राष्ट्रीय पत्रकार क्लबात स्वतः येऊन निवेदन केले. त्याच्या कथनानुसार घटनाक्रम असा होता. सामन्याच्या काही दिवस आधी त्याच्यात जिद्द दिसत नाही म्हणून त्याला सरावातून वगळले गेले. डोके तुळतुळीत करण्यास व राष्ट्रीय विद्यार्थी संघातून माघार घेण्यास सांगण्यात आले. मग सहायक प्रशिक्षकाने त्याला कळविले, की पहिल्याच चालीत क्वार्टरबॅकला ‘त्सुबुसु’ केल्यास तुला खेळवू असे मुख्य प्रशिक्षक म्हणतात. तेव्हा तू स्वतः जाऊन, ‘मी त्सुबुसु करावयास जातो, मला घ्या’ अशी विनंती कर. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक जखमी होऊन शरदातील सामन्यांना मुकला तर लाभ आपलाच, असेही सांगण्यात आले. सामन्याच्या दिवशी त्याने ती विनंती केली, तेव्हा ‘केले नाही तर काही अर्थ नाही’ अशा आशयाचे उत्तर मुख्य प्रशिक्षकाकडून मिळाले. या सर्वांनंतरही कृतीपूर्वी स्वतः विचार करून थांबणे आपल्याला शक्य होते, असे सांगून त्याने दोष स्वतःकडे घेतला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रशिक्षकांनी आपली बाजू मांडली. क्वार्टरबॅकला ‘त्सुबुशिते कोइ’ असे आपण म्हटल्याचे सहायक प्रशिक्षकाने मान्य केले, परंतु जखमी करण्याचा हेतू नव्हता असे सांगितले. मुख्य प्रशिक्षकाने तशी आज्ञा दिल्याचे नाकारले.

५. निर्णयांची भिन्नता

यानंतर झालेले निर्णय अर्थविचाराच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. २९ मे रोजी कांतो विभागाच्या विद्यार्थी फुटबॉल संघटनेने आज्ञा दिली गेली होती असा निष्कर्ष काढून दोन्ही प्रशिक्षकांना संघटनेतून काढून टाकले आणि संघावर सामनाबंदी घातली. निहोन विद्यापीठाने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीनेही जुलै २०१८ मध्ये तोच निष्कर्ष काढला आणि विद्यापीठाने दोघांना बडतर्फ केले. पोलिसांनी मात्र सविस्तर तपासानंतर, २०१९ च्या आरंभी प्रकरण सरकारी वकिलांकडे पाठविताना, प्रशिक्षकांनी इजा करण्याची आज्ञा दिल्याचे सिद्ध होत नाही असे मत दिले. त्यांच्या मते संघाच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ जोरदार टॅकल करणे एवढाच होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी पुराव्याच्या अभावी प्रशिक्षकांवर खटला भरला नाही. खेळाडूवरही खटला भरण्यात आला नाही.

एकाच चित्रफितीवरून मुख्य प्रशिक्षकाची नजर कोठे होती याविषयीही संघटना व पोलीस यांनी परस्परविरुद्ध अनुमाने काढली. मग शब्दाविषयी मतभेद झाला यात नवल नाही. तथापि हे निर्णय दिसतात तितके परस्परविरोधी नाहीत. प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारला होता. फौजदारी कायदा बोलणाऱ्याच्या मनातील हेतू शोधतो आणि तो निःसंशय सिद्ध व्हावा अशी अपेक्षा करतो. क्रीडासंघटना त्या परिस्थितीत त्या शब्दाचा काय अर्थ घेतला जाणार होता, हे पाहते. एक अर्थ वक्तृनिष्ठ आणि दुसरा श्रोतृनिष्ठ होय. विद्यापीठाच्या पत्रातील ‘काइरी’ हा शब्द या दोहोंमधील अंतराचेच नाव होते.

६. आज्ञार्थाचे स्वरूप

जॉन ऑस्टिन याने १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत उक्तीचे तीन पैलू वेगळे केले : शब्द उच्चारणे, ते उच्चारून आज्ञा, वचन, क्षमायाचना इत्यादी कृती करणे, आणि त्यायोगे ऐकणाऱ्यावर परिणाम घडविणे. यातील दुसरी कृती सिद्ध होण्यास ऐकणाऱ्याकडून तिचे ग्रहण व्हावे लागते, हेही त्याने दाखविले. भारतीय परंपरेला हा विचार अपरिचित नाही. पाणिनीने विध्यर्थाचे विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न व प्रार्थना असे अर्थ सांगून तेच आज्ञार्थालाही लावले आहेत. व्याकरणपरंपरेने यांत केलेला भेद लक्षणीय आहे. विधी हा कनिष्ठाला प्रवृत्त करणारा; निमंत्रण टाळता येत नाही; आमंत्रणात मात्र स्वीकारणे वा न स्वीकारणे ऐकणाऱ्याच्या इच्छेवर असते; अधीष्टात आदरपूर्वक गळ असते. रूप एकच असते. अर्थभेद होतो तो मुख्यतः ऐकणाऱ्याला नकार देण्याची मुभा कितपत आहे यावरून. बोलणाऱ्याचा हेतू नव्हे, तर ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य हे येथे भेदक लक्षण ठरते.

या दृष्टीने प्रस्तुत प्रसंगातील उक्तींची साखळी पाहावी. मूळ आज्ञा मुख्य प्रशिक्षकाची असल्याचे सांगितले गेले, परंतु ती ऐकू आली सहायकाच्या तोंडून. तिचे रूपांतर खेळाडूच्या स्वतःच्या विनंतीत व्हावे अशी योजना झाली. आणि त्या विनंतीला आलेल्या उत्तरात क्रियापद होते, पण कर्म नव्हते. काय केले नाही तर अर्थ नाही, हे अनुक्त राहिले. या क्रमात आज्ञा देणारा प्रत्येक टप्प्यावर मागे सरकतो आणि आज्ञेचे कर्तृत्व पाळणाऱ्याच्या अंगावर येते. खेळाडूचे कथन जसेच्या तसे स्वीकारले, तर शेवटी व्याकरणदृष्ट्या आज्ञा उरतच नाही. उरते ती एका विद्यार्थ्याची स्वेच्छेची विनंती. ‘त्सुबुशिते कोइ’ या रचनेतील ‘कोइ’ म्हणजे ‘ये’. मराठीतील ‘करून ये’ हा प्रयोग तिच्याशी तंतोतंत जुळतो. सांगणारा जागच्या जागी राहतो. जाणारा जातो, काम करतो आणि जाब देण्यास परत येतो.

मीमांसकांनी लौकिक वाक्य व वैदिक वाक्य यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. लौकिक वाक्यातील प्रेरणा बोलणाऱ्या पुरुषाच्या अभिप्रायात असते. वेद अपौरुषेय असल्याने तेथे ती शब्दातच मानावी लागते. वैदिक विधीला ‘तुझा अभिप्राय काय?’ असे विचारता येत नाही. लौकिक वाक्याबाबत ते विचारता येते, आणि विचारता येते म्हणूनच संदिग्ध शब्द धोक्याचा ठरत नाही. परंतु ज्या संघात सरावातून वगळलेला विद्यार्थी प्रशिक्षकाला ‘म्हणजे नक्की काय करू?’ असे विचारू धजत नाही, तेथे लौकिक वाक्यही अपौरुषेय वाक्यासारखे वागू लागते. अभिप्राय अदृश्य होतो आणि केवळ शब्दच प्रेरणा देतो. भर्तृहरीने अर्थनिर्णयाच्या साधनांत प्रकरण व औचित्य यांचा समावेश केला आहे. त्या विद्यार्थ्यापुढील प्रकरण म्हणजे मागील चार दिवसांची शिक्षा होती. नियमांतील टॅकल तर तो वर्षानुवर्षे करीतच होता. तेवढ्याचसाठी इतकी तयारी कशासाठी, असा तर्क त्याने केला असल्यास तो अस्वाभाविक म्हणता येत नाही.

मराठीभाषकांनाही हे परके वाटू नये. ‘त्याला जरा बघून घे’, ‘त्याचा बंदोबस्त कर’, ‘त्याला चांगली समज दे’ या आज्ञांत एकही शब्द दंडनीय नाही. वरिष्ठाने कनिष्ठाला त्या दिल्या आणि काही विपरीत घडले, तर प्रत्येक शब्दाचा निरुपद्रवी अर्थ कोशात तयार असतो. जपानीत ‘सोन्ताकु’, म्हणजे वरिष्ठाचे मन न सांगता ओळखून वागणे, हा जुना शब्द २०१७ मध्ये राजकीय चर्चेत इतका गाजला, की त्या वर्षीच्या लोकप्रिय शब्दांच्या पुरस्कारात त्याला अग्रस्थान मिळाले. ज्या समाजात अव्यक्त इच्छा ओळखणे हा गुण मानला जातो, तेथे अर्धव्यक्त आज्ञा पूर्ण आज्ञेहून बलवत्तर ठरते.

याच्या उलट बाजूस क्वान्सेई गाकुइनचा एक परिपाठ नमूद करण्याजोगा आहे. १९९२ पासून २०१९ च्या हंगामापर्यंत मुख्य प्रशिक्षक असलेले तोरिउची हिदेआकी शेवटच्या वर्षातील प्रत्येक विद्यार्थ्याला एकट्याला भेटून, तू कसला मनुष्य होणार, अशा अर्थाचा प्रश्न कान्साई बोलीत विचारीत असत. आज्ञेच्या जागी प्रश्न, आणि प्रमाणभाषेच्या जागी घरगुती बोली! वरिष्ठाच्या प्रश्नालाही दडपण असतेच. तरी प्रश्नाचे वाक्य ऐकणाऱ्याच्या बोलण्यावाचून पुरे होत नाही. त्यात उत्तर देणाऱ्याची जागा व्याकरणानेच राखलेली असते.

७. उपसंहार

फीनिक्सचा २०१८ चा हंगाम झालाच नाही. ३१ जुलै रोजी संघटनेने संघाच्या सुधारणा अपुऱ्या ठरवून बंदी उठविण्यास नकार दिला, आणि राष्ट्रविजेत्यांची खालच्या गटात घसरण झाली. ज्या विद्यार्थ्यांचे ते शेवटचे वर्ष होते आणि ज्यांनी ती आज्ञा दिलीही नव्हती, घेतलीही नव्हती, त्यांनाही तो हंगाम परत मिळणार नव्हता. जखमी झालेला क्वार्टरबॅक मात्र मे महिन्याच्या अखेरीसच मैदानावर परतला. १६ डिसेंबर २०१८ रोजी त्याच्या संघाने वासेदाचा ३७–२० असा पराभव करून कोशिएन बोल जिंकला. फीनिक्सने २०१९ मध्ये खालच्या गटातून वर येऊन २०२० मध्ये पुन्हा कोशिएन बोल गाठला व तेथे फायटर्सकडूनच २४–४२ अशी हार पत्करली. पुढे अमली पदार्थांच्या एका वेगळ्या प्रकरणानंतर डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाने तो संघ विसर्जित करण्याचा निर्णय घेतला.

‘त्सुबुसे’ या शब्दाचा ‘खरा’ अर्थ कोणता, याचा निकाल भाषाशास्त्राने द्यावा अशी अपेक्षा कोणी करू नये. बोलणाऱ्याच्या मनात काय होते हे जाणण्याचे साधन या शास्त्राजवळ नाही. परंतु त्याला एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते. आज्ञार्थाचा अर्थ दोन टोकांच्या मध्ये ठरतो, आणि तो ठरविण्याचे साधन म्हणजे ऐकणाऱ्याने विचारलेला प्रतिप्रश्न. ‘म्हणजे काय?’ असे विचारण्याची मोकळीक जेथे आहे, तेथे कठोरातील कठोर शब्दही खेळाच्या मर्यादेत राहतो, आणि विपर्यास झालाच तर त्याचा वाटा ऐकणाऱ्याकडेही जातो. ती मोकळीक जेथे बोलणाऱ्यानेच काढून घेतली आहे, तेथे गैरसमजाची सबब त्याला उपलब्ध राहत नाही. ज्याने प्रश्नाचा मार्ग बंद केला, त्याने आपल्या शब्दाचे सर्व संभाव्य अर्थ स्वतःकडे घेतले, असेच मानले पाहिजे. विद्यापीठे ही शिकण्याची, म्हणजे प्रश्न विचारण्याची, ठिकाणे आहेत. तेथील मैदानांनाही हा नियम लागू असावयास हवा.